पाळी चुकलीय, टेस्ट नक्की कधी करू? दिवस मोजण्यापासून रेघा वाचण्यापर्यंत सगळं

पाळीची तारीख उलटली की डोक्यात भुंगा सुरू होतो, मूल हवं असो नाहीतर अजिबात नको असो, आणि मग बहुतेकजणी त्याच संध्याकाळी मेडिकलमधून किट आणून लगेच टेस्ट करून मोकळ्या होतात. एक रेघ येते. कोणी हिरमुसतं, कोणी सुटलो बाबा म्हणतं, आणि आठवड्याभराने पाळी नाहीच म्हणून परत टेस्ट केली की दोन रेघा. मग किटला शिव्या. पण किट सहसा बरोबर असतं हो, आपला दिवस चुकलेला असतो. त्यामुळे कुठलं किट भारी यापेक्षा दिवस कसा काढायचा ते आधी बघू.

किट शोधतं काय

एचसीजी नावाचं एक हार्मोन, बस. ते तयार व्हायला लागतं गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजल्यावर, त्याच्या आधी नाही. म्हणजे संबंध आले, बीज फळलं, तरी पुढचे काही दिवस तो गर्भ गर्भाशयाला जोडलेल्या नळीतून खाली येत असतो आणि तेव्हा ना रक्तात काही सापडतं ना लघवीत. स्त्रीबीज बाहेर पडल्यापासून रुजायला साधारण ६ ते १२ दिवस लागतात, बहुतेकींमध्ये ८ ते १०. त्यानंतर एचसीजी सुरुवातीला दर दोन-तीन दिवसांनी जवळपास दुप्पट होत जातं. आपल्याकडची बरीचशी किट्स लघवीत हे प्रमाण २५ युनिटच्या आसपास गेलं की दुसरी रेघ दाखवतात, काही त्याहून कमीलाही दाखवतात.

आता तारखा घालून बघू. समजा शेवटची पाळी ३ जूनला आली आणि चक्र २८ दिवसांचं. पुढची पाळी १ जुलैला. स्त्रीबीज पाळीच्या साधारण १४ दिवस आधी बाहेर पडतं, म्हणजे १७ जूनच्या आसपास. गर्भ दहाव्या दिवशी रुजला तर २७ जून. २९ जूनला एचसीजी ५ च्या आसपास धरा, १ जुलैला १०, ३ जुलैला २०, ५ जुलैला ४०. ढोबळ गणित आहे, प्रत्येकीचे आकडे वेगळे असतात, पण मुद्दा लक्षात येतो ना? हिने १ तारखेला टेस्ट केली तर एकच रेघ, ५ तारखेला केली तर दोन. बाई तीच, किट तेच. आणि जिचा गर्भ दोन दिवस आधी रुजला तिला ३ तारखेलाच दिसू शकेल, म्हणून मैत्रिणीला पाळीच्या आधीच कळलं होतं याचा तुमच्याशी काही संबंध नाही.

तर मग कधी करायची

पाळी नियमित असेल तर तारीख चुकल्याच्या दिवसापासून टेस्ट करता येते, पण माझं ऐकाल तर ४-५ दिवस थांबा, आणि आठवडा थांबलात तर उत्तरावर डोळे मिटून म्हणावं इतका भरवसा ठेवता येतो. थांबवत नसेल तर पहिल्याच दिवशी करा, कोणी अडवत नाही, फक्त एक गोष्ट मनाशी पक्की ठेवा की त्या दिवशीची पॉझिटिव्ह खरी धरायची आणि निगेटिव्ह अर्धवट धरायची, म्हणजे ३ दिवसांनी परत करायची.

पाळीच्या आधी ५-६ दिवस टेस्ट करण्यात मला तरी काही अर्थ वाटत नाही. पैसे जातात ते जातात, शिवाय अगदी सुरुवातीला रुजून आपोआप निघून जाणारे गर्भही त्यात पकडले जातात, जे एरवी दोन दिवस उशिरा आलेली पाळी म्हणून कळलेही नसते. आज पुसट दोन रेघा, परवा पाळी, आणि मग महिनाभर त्याच विचारात.

ज्यांचं चक्र ३५ दिवसांचं आहे त्यांनी २८ चा हिशोब अजिबात लावू नका. वरच्याच उदाहरणात ३ जूनची पाळी आणि ३५ दिवसांचं चक्र असेल तर पुढची तारीख ८ जुलै, बीज बाहेर पडणार २४ जूनला, आणि तुम्ही १ जुलैला टेस्ट करत बसलात तर गर्भ बहुतेक अजून रुजलेलाही नसणार. सासूबाई किंवा आई तिच्या महिन्याच्या हिशोबाने "चुकली गं तुझी" म्हणत असली तरी तुमच्या चक्राप्रमाणे ती अजून चुकलेली नसते.

पाळीचा भरवसाच नसेल तर

पीसीओडी, म्हणजे हार्मोनच्या बिघाडाने पाळी अनियमित होते तो त्रास, असलेल्यांचा हा कायमचा प्रश्न. कधी ३२ दिवस, कधी ५०, मग चुकली म्हणायचं कधी? दोन रस्ते आहेत. एक, गेल्या सहा महिन्यांतलं सगळ्यात लांब चक्र घ्या आणि तेवढे दिवस उलटल्यावर टेस्ट करा. दुसरा रस्ता मला जास्त आवडतो कारण त्यात पाळीचा संबंधच नाही, शेवटचे असुरक्षित संबंध ज्या दिवशी आले तिथून २१ दिवस मोजा. २१ च का, तर शुक्राणू आत साधारण ५ दिवस जिवंत राहू शकतात, म्हणजे संबंधानंतर ५ दिवसांनी बीज बाहेर पडलं तरी दिवस राहू शकतात, पुढे रुजायला १०-१२ दिवस, आणि मग एचसीजी किटला दिसण्याइतकं वाढायला ३-४ दिवस. निरोध फाटला, गोळी विसरली, अशा वेळीही हाच हिशोब. मधे बऱ्याचदा संबंध आले असतील तर सगळ्यात शेवटची तारीख धरायची.

अंगावर पाजणाऱ्या बायकांचंही असंच. बाळ झाल्यावर पाळी सुरू व्हायच्या आधी स्त्रीबीज बाहेर पडतं, त्यामुळे पाळीच आली नाही म्हणजे दिवस राहणारच नाहीत असं नसतं. बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे, फक्त आणि फक्त अंगावरचंच दूध, दिवसरात्र, आणि पाळी अजून नाही, या तिन्ही गोष्टी असतील तरच बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. वरचं दूध किंवा पेज सुरू केली की शंका आल्यावर २१ दिवसांचा नियम लावायचा.

गोळ्यांनी तारीख बिघडवली असेल तर

आपल्याकडे यावर बोलायलाच हवं. गणपती, गौरी, घरचं लग्न, सत्यनारायण, काही आलं की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून आणल्या जातात, बऱ्याचदा डॉक्टरला न विचारता. यातली नेहमीची, म्हणजे नॉरएथिस्टेरॉनची गोळी बंद केल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते. आठवडा गेला तरी आली नाही तर टेस्ट करा. पाळी लांबवायच्या या गोळ्या चालू असताना दिवस राहत नाहीत हा समज मात्र काढून टाका, त्या गर्भनिरोधक म्हणून दिलेल्याच नसतात. उलटा प्रकार म्हणजे पाळी उशिरा म्हणून ती यायच्या गोळ्या घेणं, नाहीतर पपई आणि गूळ-तिळाचा मारा. आधी टेस्ट करा, मग काय ते.

असुरक्षित संबंधांनंतर घ्यायची इमर्जन्सी गोळी घेतली असेल तर त्या महिन्याची पाळी आधी किंवा उशिरा येऊ शकते. अपेक्षित तारखेच्या पुढे आठवडा गेला की टेस्ट, किंवा संबंधांपासून २१ दिवस, दोन्हीत जे आधी होईल ते. गोळीनंतर थोडे डाग पडले म्हणजे पाळी आली असं धरू नका, नेहमीसारखी आली तरच आली.

सरकारी दवाखान्यात मिळणारी छाया ही गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्यांची पाळी लांबते, हे त्या गोळीचंच काम, पण १५ दिवसांच्या पुढे लांबली तर टेस्ट करून घ्या. अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनवर पाळी पूर्ण बंदसुद्धा होते आणि डोस वेळेवर घेतले असतील तर उगाच घाबरू नका. माला-डीसारख्या रोजच्या गर्भनिरोधक गोळ्यांमध्ये लोहाच्या गोळ्यांच्या आठवड्यात पाळी यायला हवी, मधे दोन-तीन विसरल्या असतील आणि त्या आठवड्यात काहीच आलं नाही तर टेस्ट.

किट आणताना

चिठ्ठी लागत नाही, ओळखपत्र लागत नाही, लग्न झालंय का हे विचारायचा दुकानदाराला काही हक्क नाही. तो वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून देतो तसा, जणू काही आपण चोरीचा माल घेतोय! लाज वाटत असेल तर घरपोच सामान देणाऱ्या ॲपवरही मिळतं. प्रेगा न्यूज, आय-कॅन वगैरे नावं ओळखीची आहेत, नेहमीच्या कार्डवाल्या किटमध्ये महागडं आणि स्वस्त असा फार फरक पडत नाही, त्यापेक्षा एक महागडं घेण्याऐवजी साधी दोन घ्या, परत करायला उपयोगी पडतं. गावात असाल तर आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात निश्चय नावाचं किट फुकट मिळतं. गावभर होईल अशी भीती असेल तर तालुक्याच्या ठिकाणी मेडिकल आहेतच.

मुदत संपायची तारीख बघा, पाकीट कुठे फाटलेलं नाही ना बघा. घरी फ्रिजमध्ये ठेवू नका, उन्हात गाडीच्या डिकीत पण नको.

आणि मीठ, साखर, टूथपेस्ट लघवीत घालून फेस आला की पॉझिटिव्ह, हे व्हिडिओ बघून करणाऱ्यांनो, फेस कोणाच्याही लघवीने येतो, पुरुषाच्या पण. नवऱ्याचीही करून बघा हवं तर.

प्रत्यक्ष करताना

सकाळची पहिली लघवी घ्या. रात्रभर साठलेली असते म्हणून त्यात हार्मोन दाट असतं. नाइट शिफ्ट असेल तर तुमची मोठी झोप संपल्यावरची पहिली, ती कितीही वाजता असो. दिवसा करायचीच असेल तर किमान ४ तास लघवीला न जाता आणि भरपूर पाणी न पिता करा. नमुना जास्त हवा म्हणून लोक तांब्याभर पाणी पितात आणि तिथेच घोळ होतो, पातळ लघवीत सुरुवातीचं एचसीजी सापडत नाही. पाळी चुकून दोन-तीन आठवडे झाले असतील तर मात्र दिवसातल्या कुठल्याही वेळची चालते.

भांडं स्वच्छ आणि कोरडं पाहिजे, साबणाचा अंश नको, कागदी कप सगळ्यात बरा. आधी पाकिटावरची सूचना वाचा, किती थेंब आणि किती मिनिटं ते प्रत्येक कंपनीचं थोडं वेगळं असतं, खाली मी नेहमीचं सांगतेय. पाकीट नमुना तयार झाल्यावरच फोडा, आधी फोडून ठेवलं की दमट हवेने पट्टी खराब होते, पावसाळ्यात कोकणात तर विचारूच नका. आत एक छोटी पुडी असते ती ओल शोषणारी, ती फेकायची, लघवीत घालायची नाही.

कार्ड सपाट जागी ठेवा, हातात धरून नको. ड्रॉपर उभा धरून गोल खड्ड्यात सहसा ३ थेंब, एकेक करून, बुडबुडा न येता. रेघा येतात त्या खिडकीवर थेंब पाडायचे नाहीत. मोबाइलवर ५ मिनिटांचा टायमर लावा आणि बाजूला व्हा, टक लावून बघत बसलं की नसलेल्या रेघा पण दिसायला लागतात. पाच मिनिटांनी बघा, फोटो काढून ठेवा, आणि १० मिनिटांनंतर ते कार्ड कचऱ्यात.

रेघा

सी म्हणजे कंट्रोल, टी म्हणजे टेस्ट. सी जवळ रेघ आलीच पाहिजे. ती नसेल तर टी जवळ काहीही दिसो, ते किट बाद, नवीन घ्या. फक्त सी आली तर निगेटिव्ह. सी आणि टी दोन्ही आल्या तर पॉझिटिव्ह.

सगळ्यात जास्त गोंधळ पुसट रेघेचा. ठरलेल्या वेळेत आली आणि तिला रंग आहे, गुलाबी किंवा जांभळट जसा त्या किटचा असेल तसा, तर कितीही फिकट असली तरी ती पॉझिटिव्हच धरायची. फिकट असते कारण हार्मोन अजून कमी आहे, दोन-तीन दिवसांनी परत केली की सहसा गडद येते. पण अर्ध्या तासाने किंवा दुसऱ्या दिवशी कचऱ्यातून कार्ड काढून बघितलं आणि राखाडी, रंग नसलेली बारीक रेघ दिसली, तर ती लघवी वाळल्याची खूण असते. ती धरायची नाही. कचऱ्यातून कार्ड काढणाऱ्या कमी नाहीत, म्हणून सांगितलं.

निगेटिव्ह आहे पण पाळी पण नाही

३ दिवसांनी परत. तरी निगेटिव्ह, तर आणखी आठवड्याने. तारीख चुकून तीन आठवडे झाले, दोन-तीन टेस्ट निगेटिव्ह आहेत, तरी पाळी नाही, तर मग बहुतेक कारण दुसरं आहे, थायरॉइड, पीसीओडी, अचानक वजन वाढणं किंवा उतरणं, परीक्षेचं किंवा नोकरीचं टेन्शन, चाळिशीनंतर पाळी जायची सुरुवात, आणि त्यासाठी डॉक्टरकडे जायचं, अजून किट आणायची नाहीत.

लवकर आणि पक्कं उत्तर हवं असेल तर रक्तातली बीटा एचसीजी तपासणी, पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते, उपाशी राहायची गरज नसते. साधारण ५ च्या खाली निगेटिव्ह, २५ च्या वर पॉझिटिव्ह, मधलं आलं तर ४८ तासांनी त्याच लॅबमध्ये परत, कारण एका आकड्यापेक्षा तो वाढतोय की उतरतोय हे महत्त्वाचं.

पॉझिटिव्ह, पण तिचा अर्थ वेगळा

हे कमी वेळा होतं पण होतं. वंध्यत्वाच्या उपचारात बीज फुटायला एचसीजीचंच इंजेक्शन देतात, ते शरीरात १०-१४ दिवस राहू शकतं, त्या काळात घरी टेस्ट केली तर इंजेक्शनच दिसतं, म्हणून डॉक्टरनी सांगितलेल्या तारखेच्या आधी करू नका. गर्भपात झाल्यावर किंवा केल्यावरही काही आठवडे दोन रेघा येत राहतात. तापाच्या गोळ्या, अँटिबायोटिक, रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या यांनी मात्र निकाल बदलत नाही.

हे दिसलं तर टेस्ट-बिस्ट बाजूला

पोटात एका बाजूला जोरात दुखतंय, चक्कर येतेय, घाम फुटतोय, खांद्याच्या टोकाला दुखतंय, रक्त जातंय, आणि पाळी चुकलेली आहे, तर लगेच हॉस्पिटल, १०८ ला फोन करा. गर्भ नळीतच रुजला असेल तर नळी फुटू शकते आणि ते जिवावर बेततं. अशात टेस्ट पॉझिटिव्ह येते, कधी रेघ फिकट असते, पण गर्भ कुठे आहे हे किटला कळत नाही, ते सोनोग्राफीतच कळतं.

दोन रेघा आल्या, आता?

शेवटच्या पाळीचा पहिला दिवस लिहून ठेवा, डॉक्टर सगळ्यात आधी तेच विचारणार. आठवडे तिथूनच मोजतात, संबंधाच्या दिवसापासून नाही. ३ जूनवालीची टेस्ट ५ जुलैला पॉझिटिव्ह आली तर रिपोर्टवर साडेचार आठवडे येणार, आणि नवरा १५ जूनला दुबईहून आला असेल तर घरात नको त्या शंका निघतात. काही गडबड नसते, मोजायची पद्धतच तशी आहे.

मूल हवं असेल तर फॉलिक ॲसिड, रोज ४०० मायक्रोग्रॅम, आधीपासून घेत नसाल तर लगेच सुरू करा. फिट्स, मधुमेह, थायरॉइड असेल तर चालू गोळ्या स्वतःहून बंद न करता त्याच आठवड्यात डॉक्टरला दाखवा. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनोइन चालू असेल तर मात्र ती त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टरला फोन करा. सोनोग्राफीची घाई नको, दुखत किंवा रक्त जात नसेल तर ठोके दिसायला सहसा सहा-सात आठवडे व्हावे लागतात, पाचव्यात गेलात तर काही दिसत नाही म्हणून उगाच रडत परत याल. नोंदणी १२ आठवड्यांच्या आत करा, सरकारीत केली तर माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं आणि पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेच्या ५००० रुपयांचा अर्ज भरायलाही त्या नोंदीची गरज पडते.

मूल नको असेल तर तोही निर्णय तुमचाच आहे आणि भारतात कायद्याने गर्भपात करता येतो, २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, १८ वर्षं पूर्ण असतील तर फक्त तुमची संमती लागते, नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही, काही दवाखाने मागतात तो भाग वेगळा. गोळ्यांनी करायचा तर ९ आठवड्यांच्या आत, म्हणून दिवस वाया घालवू नका. पण मेडिकलमधून गोळ्या आणून परस्पर घेऊ नका, कारण गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो जात नाही, रक्तस्राव झाला म्हणून आपण निवांत आणि आत नळी ताणली जातेय असं होऊ शकतं. गोळ्यांनंतर परत टेस्ट करायची ती साधारण तीन आठवड्यांनी, आधी केली तर जुनं हार्मोन दिसतं, आणि तेव्हाही दोन गडद रेघा असतील तर ज्या डॉक्टरनी गोळ्या दिल्या त्यांच्याकडे परत जा.